पोरीच्या वाळूच्या हौदाला लाकूड कोणतं लावावं?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. घरामागच्या मोकळ्या जागेत मुलीसाठी पाच बाय पाच फुटांचा वाळूचा हौद करायचा आहे. कडेने फूटभर उंचीच्या फळ्या, वर बसायला एक आडवी फळी, बस. मुलगी तीन वर्षांची आहे आणि जे हाती लागेल ते आधी तोंडात घालून बघते. जमीन काळी आहे.

वखारीत पाईनच्या हिरवट झाक असलेल्या फळ्या दाखवल्या. "ट्रीटेड माल आहे, वीस वर्षं उधई शिवणार नाही" म्हणे. कशाने ट्रीट केलाय विचारलं तर उत्तर आलं, "केमिकल." मेहुणे म्हणतात भुसावळकडून जुने रेल्वेचे स्लीपर आणू, जागचे हलणार नाहीत. वडील म्हणतात बाभळीच्या फळ्या पाडून घे आणि जळकं ऑइल मार, आपल्या बैलगाडीला आयुष्यभर तेच मारलं. तिघंही आपापल्या मतावर ठाम आहेत, मला मात्र एकही धड पटत नाहीये. कोणी केलंय का असं काही?

वांगेभरीत

विटा लावा, गिलावा करा, विषय संपला. लाकडाचा हट्ट कशाला?

बोरीकाठ

विटांची धार बघता पहिल्याच आठवड्यात हनुवटी फुटेल. शिवाय एप्रिलपासून गिलाव्याला हात लावता येत नाही आपल्याकडे. लाकूड निदान भाजत नाही.

पांझराकाठची (धुळे)

रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल. तुम्हाला मिळालेले तिन्ही सल्ले लाकूड टिकवण्याचे आहेत. पोराचं काय, हे त्यात कोणीच बघितलेलं नाही.

हिरवट झाक तांब्याच्या क्षारांची असते. नुसतं तांबं असेल तर मी एवढी घाबरणार नाही, त्याच्या जोडीला काय आहे ते बघायचं. सीसीए नावाचं जे मिश्रण वापरतात त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असतं. हे आपल्याच देशात निघालं. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी १९३३ साली ते तयार केलं आणि 'अ‍ॅस्कू' या नावाने ते जगभर गेलं. विजेचे खांब, कूलिंग टॉवर, खाणीतले टेकू यांना त्याने फार मोठं आयुष्य दिलं. पण त्यातलं आर्सेनिक सगळंच्या सगळं लाकडात बांधलं जात नाही. पावसाने थोडं थोडं सुटून खालच्या मातीत उतरतं, आणि फळीवर हात फिरवला तर काही हातालाही लागतं. मोठा माणूस हात धुतो. तीन वर्षांचं पोर फळीवर हात टेकवतं, तोच वाळूत घालतं आणि तोच तोंडात. म्हणून अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती कामासाठी हे लाकूड बनवणं उत्पादकांनी थांबवलं. युरोपने २००४ मध्ये, जिथे वारंवार अंगाला लागेल अशा ठिकाणी ते बंद केलं. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये खेळाच्या साधनांसाठी.

त्यानंतर आलेली एसीक्यू, कॉपर अझोल ही मिश्रणं आर्सेनिकशिवायची आहेत. पण झाक त्यांचीही हिरवटच! फळी बघून कोणती कशातली ते मी सांगू शकत नाही, तुमचा वखारवालाही सांगू शकणार नाही. पावतीवर रसायनाचं नाव लिहून देणार असेल तरच पुढचं बोला. आणि असलं लाकूड घरात कुठेही वापरलंत तरी त्याचे तुकडे चुलीत किंवा बंबात घालू नका. आर्सेनिक राखेत राहतं, धुरातही जातं.

आता स्लीपर. लाकडी स्लीपरना बहुतेक वेळा क्रिओसोट पाजलेलं असतं, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेलं तेल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलंय. रुळांखाली कितीही वर्षं गेली तरी ते आतून संपत नाही. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की जुन्या स्लीपरच्या भेगांतून काळा चिकट घाम वर येतो, तो कातडीला लागला आणि त्यावर ऊन पडलं की चट्टे उठतात. थंड देशात जे चालून जाईल ते आपल्या उन्हात चालत नाही.

जळक्या ऑइलमध्येही क्रिओसोटसारखेच घातक घटक आहेत, वर इंजिनमधले धातूचे कण. बैलगाडीला खुशाल मारा. बैलगाडी कोणी चाटत नाही.

खान्देशी आबा

आम्हनी पिढी तापीनी वाळूमा लोळीसन मोठी जयी. आम्हले काय जयं? लाकूडना इतला अभ्यास तर मी लगीन ठरावाना टाईमले बी नही कया.

पांझराकाठची

आबा, तापीनी वाळूले कोनी आर्सेनिक पाजेल नव्हतं. 🙂

रंधा (फैजपूर)

काय नको ते ताईंनी सांगितलं, काय हवं ते मी सांगतो. तीन पिढ्यांचं सुतारकाम आहे आमचं.

ज्या लाकडाला मुळातच उधई कमी लागते ते घ्या, म्हणजे पाजायची गरजच नाही. पहिलं नाव सागवानाचं. पण सागवान म्हटलं की झालं असं नाही. फळीची लांबी-रुंदी नंतर बघा, आधी तिचं कापलेलं टोक बघा. मधला भाग सोनेरी तपकिरी दिसेल आणि सालीकडच्या बाजूला फिकट पांढरट पट्टा. हा पांढरा भाग सागाचा असला तरी आंब्याच्या लाकडाइतकाच कच्चा, उधई आणि भुंगा सरळ त्यात शिरतात. लागवडीचा कोवळा साग असेल तर अर्धी फळी पांढरीच निघते, आणि पॉलिश मारून दोन्ही एकाच रंगाचे करून विकतात. म्हणून पॉलिश मारलेला माल घेऊच नका. वखारीत रंध्याचा एक हात मारायला सांगा. ताजी ढलपी बोटात चुरडली की हाताला किंचित तेलकट लागते आणि चामड्यासारखा वास येतो. वास नाही, ढलपी कोरडी आणि पांढरी, तर पुढच्या दुकानात.

आपल्याकडचं दुसरं लाकूड म्हणजे अंजन. धुळे-जळगावच्या डोंगरांवर आहे ते. गडद तांबूस, दगडासारखं जड, उधईला दाद देत नाही. जमिनीलगतच्या फळीसाठी मी सागापेक्षाही अंजन पसंत करीन. मात्र त्यात खिळा ठोकायला गेलात तर खिळा वाकेल, फळी नाही. आधी ड्रिलने भोक पाडायचं, मग स्क्रू. सुतार कुरकुर करेल, करू द्या.

तुमच्या वडिलांची बाभूळ वाईट नाही. नांगर-वखर त्याचेच व्हायचे. पण ओली बाभूळ फळीत पाडली तर उन्हाने पिळवटते आणि पांढऱ्या भागात भुंगा लागून पीठ पडायला लागतं. आमचे आजोबा बाभळीचे ओंडके नाल्याच्या डोहात बुडवून ठेवायचे, महिनोन् महिने. त्यामुळे किड्याला हवं असलेलं लाकडातलं सत्त्व निघून जातं. आता एवढा दम कोणाला आहे? जुनी, वाळलेली, गाभ्याची बाभूळ मिळाली तर घ्या. कडुनिंबही चालतो, फक्त वाळताना फार वाकतो.

आंबा, निलगिरी, सुबाभूळ, सिल्वर ओक नको. दोन पावसाळ्यांत भुसा. रबरवुडही नको, त्याला बोरॉनची प्रक्रिया असते आणि ते पावसात धुऊन जातं. घरातल्या टेबलाला ठीक आहे. प्लाय तर नकोच. साधा प्लाय बाहेर सुटतो आणि मरीन प्लायला कीड-बुरशीची औषधं दिलेली असतात, म्हणजे पुन्हा ताईंचा प्रश्न आलाच. बांबू चिरला की त्याची कड ब्लेडसारखी होते.

हिशोब: चार बाजू मिळून वीस फूट, उंची एक फूट, जाडी दीड इंच. अडीच घनफूट होतात, तूटफूट धरून तीन सांगा. एवढ्याशा मालासाठी कोणी "सातपुड्यातून उतरलेला आहे, स्वस्तात देतो" म्हटलं तर लांब राहा. सागाला वाहतूक परवाना लागतो, पावतीशिवायचा माल दारात उतरवून पोरीच्या हौदापायी वनखात्याचे हेलपाटे नकोत.

चहाडी (चोपडा)

रंधाभाऊंनी जुन्या सागाचं नाव काढलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं. गावोगावी धाब्याची घरं पडतायत, एकेक खांब आणि कडी असली की आजच्या वखारीत तसा साग बघायलाही मिळत नाही. आमच्याकडे वाडा उतरवला तेव्हा निघालेल्या लाकडाचे दरवाजे केले, आरामात उभे आहेत. नव्याच्या निम्म्यात पडतं.

पांझराकाठची

लाकूड म्हणून उत्तम, हौदासाठी मात्र दोनदा बघून घ्या. एक, रंग. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटवर असं कायद्याचं बंधनच नव्हतं. पिवळे, हिरवे, शेंदरी जुने थर असतील तर त्यात शिसं असणार असंच धरून चालायचं, आणि ते खरडताना उडणारी धूळ फळीपेक्षा वाईट. रंगवलेलं जुनं लाकूड हौदाला नकोच.

दुसरं म्हणजे पावडर. आपल्याकडे कणगीत, माळ्यावर, कडीपाटाच्या फटीत गॅमेक्सिन ही किडे मारायची पावडर टाकायची पद्धत होती. त्यातल्या बीएचसी या विषारी रसायनावर १९९७ मध्ये बंदी आली, पण फटीतली पावडर कुठे गेली? न रंगवलेली जाड कडी असेल, तिच्या चारी बाजू आरा मशीनवर उतरवून आतलं नवं लाकूड मिळत असेल तर चालेल. भेगा पडलेली टोकं कापून टाका. भुसा गोळा करून गोणीत बांधा, गाईच्या गोठ्यात पसरू नका.

चहाडी

हे गॅमेक्सिनचं खरं आहे. आजी गव्हाच्या कणगीत मूठभर टाकायची. लक्षातच आलं नव्हतं.

मुक्काम एमआयडीसी (जळगाव)

आमच्या कंपनीत पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) पडून असतात, हवे तेवढे न्या. पाईनच आहे, पण हिरवं नाही. जळाऊ म्हणून जातात.

रंधा

त्यावर गव्हाच्या कणसाचं चिन्ह असतं, शेजारी अक्षरं असतात. एचटी असेल तर लाकूड तापवून किडे मारलेत, रसायन नाही. एमबी असेल तर मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी दिलीय, ते सोडा. चिन्हच नसेल तर तेही सोडा. एचटी असला तरी त्यावर काय काय सांडलंय ते कोणाला माहीत? आणि कच्चा पाईन काळ्या जमिनीवर ठेवला तर उधईला वर्षभराचं जेवण. फार तर वरून झाकण करायला वापरा.

अनेर

लाकडावर एवढी चर्चा झाली, जमिनीवर कोणी बोलेना. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात खुंट्या पुरून चौकट बसवली तर अंजन काय नि साग काय, पहिल्याच वर्षी पिळवटून कोपरे उघडतील. आणि खालून पाणी मुरत नसल्यामुळे पावसाळ्यात हौदाचं डबकं होईल. लाकूड कुजतं ते ओलं राहिल्यामुळे. उधईसुद्धा ओलाव्याच्या मागेच येते.

हौदापेक्षा सगळीकडून फूटभर मोठा चौकोन आखा. काळी माती दीड फूट काढा. खाली खडी, वर मुरूम, पाणी मारून धुम्मस करा. एका बाजूला थोडा उतार ठेवा आणि तिकडून भोकं पाडलेला एक पाईप बाहेर काढा, जुना ड्रिपचा मेन पाईप कोणाच्याही शेतात मिळेल. मुरमावर शेडनेटचे दोन पदर अंथरा म्हणजे वाळू खाली जाणार नाही आणि पाणी अडणार नाही. प्लास्टिकचा कागद अंथरू नका. चौकट मातीवर टेकवायची नाही, विटांच्या एका थरावर ठेवायची, म्हणजे वांगेभरीत यांच्या विटाही कामी येतील. फळीखालून वारा फिरला पाहिजे. उधईची मातीची नळी विटेवरून वर चढायला लागली की तुम्हाला दिसते, तिथेच खरडून टाकता येते. मग क्लोरपायरिफॉस हे उधईचं औषध ओतायची वेळच येत नाही. ते घराच्या पायात ठीक असेल, पोर खेळतं तिथे नाही.

वांगेभरीत

सांगितलं होतं ना विटा लावा 😎

बोरीकाठ

अनेरभाऊ, खडी-मुरमाचं डोक्यातच नव्हतं. आता फळ्यांवर वरून काय लावायचं? काहीच न लावता ठेवलं तर चालेल? आई म्हणते कडुनिंबाचं तेल लाव, दोन्ही कामं होतील.

पांझराकाठची

कडुनिंबाचं तेल नको. झाडाचं आहे म्हणून निर्धोक असं नाही. लहान मुलांच्या पोटात गेल्यावर झटके आल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. फळीवर बोट घासून चाटण्यात तेवढं जाणार नाही हे मान्य, पण बाटली मग घरात कुठेतरी पडून राहते, आणि खरी भीती त्या बाटलीची.

रंधा

काही नाही लावलं तरी चालतं. साग उन्हाने करडा पडेल, तो नुसता रंग आहे, लाकूड शाबूत असतं. लावायचंच तर जवसाचं कच्चं तेल, पातळ हात, कापडाने, आणि आठ-पंधरा दिवस वाळू द्यायचं. दुकानात बेलतेल किंवा 'बॉइल्ड' म्हणून जे मिळतं त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, ते नको.

तेलाचं कापड चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, गोळा झालेलं कापड आपोआप पेट घेऊ शकतं, आपल्या उन्हाळ्यात तर धोका जास्तच. तारेवर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. फळ्यांच्या वरच्या कडा रंध्याने गोल करून त्यावर पॉलिश पेपर मारा, नाहीतर मांडीत कुसळं जातात. चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी फळी बसवा. कोपरा पक्का होतो आणि पोरांना बसायलाही होते.

तोरणमाळची ताई (नंदुरबार)

आमच्याकडे दोन पोरं नि असाच हौद आहे. लाकडाचा घोळ एकदा निस्तरला की रोजचा खरा त्रास वाळूचा.

नदीची वाळू घ्या, क्रश सॅण्ड नको. ती दगड फोडून केलेली, कडा धारदार, बारीक भुकटी भरपूर आणि ती भुकटी छातीत जाते. पाच बाय पाच बाय एक म्हणजे पंचवीस घनफूट, पाव ब्रास. काठोकाठ भरू नका, कडेपासून तीन बोटं खाली ठेवा. बांधकामाच्या चाळणीतून चाळा, मग पाटीत घालून पाणी निवळ येईपर्यंत धुवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण न धुतलेली वाळू उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर घरभर होते. कीटकनाशकाच्या किंवा खताच्या रिकाम्या गोण्यांतून वाळू आणू देऊ नका. कापसाच्या पट्ट्यात हमखास त्याच गोण्या पुढे येतात.

दुसरं मांजर. मऊ वाळू दिसली की मांजराला वाटतं माझ्यासाठीच केलीय, आणि त्या घाणीतून जंत आणि टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी दोन्ही येतात. रोज संध्याकाळी झाकायचं. ताडपत्री टाकू नका, आत वाफ कोंडते आणि फळ्या आतून काळ्या पडतात. हिरवी शेडनेट चौकटीला ताणून बसवा, वारा जातो, मांजर जात नाही.

तिसरं विंचू. फळ्यांच्या खाली, विटांच्या फटीत त्याला छान गारवा मिळतो. सकाळी पोरं सोडायच्या आधी वाळूत दाताळं फिरवा आणि बसायच्या फळीखाली नजर टाका. नोटा तपासायची जी जांभळ्या उजेडाची बॅटरी मिळते ना, ती रात्री हौदावर मारून बघा. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, लपूच शकत नाही. आमच्याकडे हा आता पोरांचा आवडता खेळ झालाय, हात न लावण्याच्या अटीवर.

अनेर

विटांच्या फटी बारीक खडीने बुजवा. वारा फिरतो, विंचवाला घर मिळत नाही.

खान्देशी आबा

हाई बॅटरीनं चांगलं शे. आम्हना खळामा बी मारी देखस.

बोरीकाठ

वखारीत जाऊन आलो. हिरव्या पाईनला कशाने प्रक्रिया केली ते पावतीवर लिहून द्यायला तयार नाहीत, त्यामुळे तो विषय बंद. स्लीपरचं मेहुण्यांना पांझराकाठच्या ताईंची पोस्ट वाचून दाखवली, ते आता त्यांच्या शेतातल्या पुलाला वापरतो म्हणतायत. वडिलांना बाभळीचं वाईट वाटलं होतं, म्हणून बसायची फळी त्यांच्या जुन्या मोडक्या वखराच्या दांड्यातून निघते का बघतोय, ऑइल कधीच न मारलेला आहे तो. बाजू सागाच्या गाभ्याच्या, खालची पट्टी अंजनाची मिळाली तर अंजनाची. हौद पूर्वेला घराच्या सावलीत येईल असा आखलाय, म्हणजे दुपारनंतर ऊन नाही.

एकच राहिलं. दीड इंच जाडीऐवजी एक इंच केली तर पैसे बरेच वाचतात. चालेल?

रंधा

पाच फुटांच्या फळीला आतून वाळूचा दाब असतो, एक इंचाला मध्यभागी पोट येईल. एक इंचच घ्यायची असेल तर प्रत्येक बाजूच्या मधोमध बाहेरून एक उभा टेकू द्या, विटांवर टेकलेला आणि स्क्रूने आवळलेला. तेवढ्यात भागेल. आणि दांडा बसायच्या फळीला वापरण्याआधी त्यातला जुना लोखंडी खिळा एखादा आत राहिलाय का ते लोहचुंबक फिरवून बघा, नाहीतर आरा मशीनवाला तुमच्याकडूनच पातं भरून घेईल.